जुना डॉसवाला व्हील ऑफ फॉर्च्युन आज कसा चालवायचा आणि जिंकायचा कसा

ज्यांना हा शो माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. व्हील ऑफ फॉर्च्युन हा अमेरिकन टीव्हीवरचा शो, मर्व ग्रिफिनने काढलेला, ६ जानेवारी १९७५ ला एनबीसीवर सुरू झाला आणि अजून चालू आहे. मूळ कल्पना म्हणजे आपला हँगमॅनचा खेळ, म्हणजे शब्दांच्या जागी रिकामे चौकोन आणि एकेक अक्षर ओळखत जायचं, आणि त्याला जोडलेलं एक मोठं चाक ज्यावर डॉलरचे आकडे लिहिलेत. चाक फिरवा, आकडा येईल, अक्षर सांगा, ते अक्षर जितक्या वेळा बोर्डावर असेल तितक्या पट पैसे. पॅट सजॅक १९८१ पासून चाकापाशी आणि व्हॅना व्हाइट १९८२ पासून बोर्डापाशी, ही जोडी इतकी वर्षं टिकली की सजॅक २०२४ मधे निवृत्त झाला आणि रायन सीक्रेस्ट आला तेव्हा लोकांना खरंच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

१९८३ मधे संध्याकाळचा सिंडिकेटेड (म्हणजे ठिकठिकाणच्या चॅनलना विकलेला) शो सुरू झाला आणि त्याची लोकप्रियता गगनाला भिडली, मग कॉम्प्युटरवर यायला वेळ लागला नाही. १९८७ मधे शेअरडेटाने तो कमोडोर ६४, ॲपल टू आणि डॉसवाल्या (डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, कमांड टाइप करून चालवायची सिस्टिम) पीसीसाठी काढला, पुढच्या वर्षी गेमटेकने निन्टेन्डोच्या एनईएस या टीव्हीला जोडायच्या गेम मशीनवर आणला (तो बनवला होता रेअरने), आणि नंतर ९० च्या दशकात सेगा, सुपर निन्टेन्डो, विंडोज सगळीकडे पोचला. मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो तो १९८७ चा डॉसवाला. चार रंग, पीसी स्पीकरची टुकटुक, आणि मधे कुठे व्हिडिओ नाही, जाहिरात नाही, नाणी विकत घ्या असं बटण नाही. कोडं समोर, तुम्ही आणि कीबोर्ड. खाली जे लिहिलंय ते याच आवृत्तीला धरून, पण खेळायच्या युक्त्या कुठल्याही आवृत्तीत चालतील कारण नियम शोचेच आहेत.

आधी गेम चालू करू

आजच्या ६४ बिट विंडोजवर डॉसचे १६ बिट प्रोग्राम सरळ डबल क्लिक करून चालत नाहीत, एरर येते आणि लोक तिथेच सोडून देतात. त्यासाठी डॉसबॉक्स लागतो, म्हणजे जुन्या डॉस मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, तो फुकट आहे, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतो. मूळ डॉसबॉक्सची ०.७४-३ ही आवृत्ती पुरेशी आहे, डॉसबॉक्स स्टेजिंग आणि डॉसबॉक्स-एक्स हे त्याचेच पुढचे अवतार, ते घेतले तरी उत्तम.

गेमची कॉपी तुमच्याकडे फ्लॉपीवर किंवा इमेज फाइलमधे असेल तर तीच वापरा. नसेल तर इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या डॉस गेमचा मोठा संग्रह आहे जो ब्राउझरमधेच चालतो, डाउनलोडची गरज नाही, तिथे नावाने शोधून बघा. गेम जुना झाला म्हणून त्याचे हक्क संपत नाहीत एवढं ध्यानात ठेवा आणि कॉपी करून वाटू नका.

आता फोल्डर. सी ड्राइव्हवर एक फोल्डर बनवा, नाव छोटं ठेवा, आठ अक्षरांच्या आत आणि मधे स्पेस नको, कारण डॉसला त्याच्यापुढचं नाव कळत नाही, ते अर्धं कापून काहीतरी टिल्डवालं नाव दाखवतं आणि मग तुम्ही शोधत बसता. समजा फोल्डरला डॉसगेम नाव दिलं आणि त्याच्या आत व्हील नावाच्या फोल्डरमधे गेमच्या सगळ्या फाइली टाकल्या. डॉसबॉक्स उघडा, काळी खिडकी येईल, तिथे टाइप करा माउंट, स्पेस, सी, स्पेस, सी:\डॉसगेम (सगळं इंग्रजी अक्षरांत अर्थातच) आणि एंटर. मग सी: आणि एंटर. मग सीडी स्पेस व्हील, एंटर. आता डीआयआर टाइप केलं की फाइलींची यादी दिसेल. त्यात ईएक्सई, कॉम किंवा बॅट असं शेपूट असलेली फाइल शोधा, तिचं नाव टाइप करा, एंटर, झालं. इन्स्टॉल किंवा सेटअप नावाची फाइल दिसली तर आधी ती चालवा, ग्राफिक्स कार्ड वगैरे विचारलं तर तिथेच सांगून टाका.

काही कॉप्या हट्टीपणे ए ड्राइव्ह मागतात, कारण मूळ गेम फ्लॉपीवरून चालायचा. तेव्हा तोच फोल्डर ए म्हणून माउंट करा आणि ओळीच्या शेवटी स्पेस देऊन -टी फ्लॉपी जोडा, मग डॉसबॉक्स त्याला फ्लॉपी समजतो. हे सगळं दरवेळी टाइप करायचा कंटाळा येत असेल तर डॉसबॉक्सच्या कॉन्फिग फाइलमधे सगळ्यात खाली ऑटोएक्झेक नावाचा भाग असतो, तिथे याच ओळी एकाखाली एक लिहून ठेवा, पुढच्या वेळेला डॉसबॉक्स उघडला की थेट गेमच.

वेगाचं नीट बघा. हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय कारण इथेच लोकांची मजा जाते. त्या काळातले बरेच गेम वेळ मोजायला प्रोसेसरच्या वेगावर अवलंबून असायचे, म्हणजे आजच्या वेगात चाक डोळ्याला दिसायच्या आत थांबतं, कॉम्प्युटरची पाळी कधी आली कधी गेली कळत नाही आणि तुमच्या उत्तराचा वेळही भुर्रकन संपतो. डॉसबॉक्समधे कंट्रोल आणि एफ११ दाबलं की वेग कमी होतो, कंट्रोल आणि एफ१२ ने वाढतो. वरच्या पट्टीत सायकल्सचा आकडा (म्हणजे डॉसबॉक्सचा वेग) दिसतो, सुरुवातीला तो ३००० असतो. पहिल्या आयबीएम पीसीचा जो ४.७७ मेगाहर्ट्झचा वेग होता तो साधारण ३०० सायकल्सच्या आसपास बसतो. मी म्हणेन तिथून सुरू करा आणि चाक डोळ्याला बरं वाटेपर्यंत हळूहळू वाढवा. चाक फिरून हळू होत होत थांबतंय, शेवटच्या दोन खणांवर जीव टांगणीला लागतोय, असं झालं की आकडा बरोबर लागला समजा, तो कॉन्फिग फाइलमधे सायकल्सच्या ओळीत लिहून टाका.

रंग विचित्र दिसत असतील, म्हणजे काळा पांढरा आणि त्यात निळसर आणि गुलाबी, तर काही बिघडलेलं नाही, सीजीए या त्या काळच्या ग्राफिक्स कार्डाचे रंगच ते. उलट स्क्रीनवर कचरा दिसत असेल तर कॉन्फिगमधे मशीनच्या ओळीत सीजीए लिहून बघा. फुल स्क्रीनसाठी ऑल्ट आणि एंटर, माउस अडकला तर कंट्रोल आणि एफ१०, आणि सगळंच गोठलं तर कंट्रोल आणि एफ९, त्याने डॉसबॉक्स बंद होतो.

एका पाळीत काय काय करता येतं

तीन खेळाडू असतात. कॉम्प्युटरशी खेळा नाहीतर माणसं एकाच कीबोर्डवर आलटून पालटून. तुमची पाळी आली की तीनच गोष्टी: चाक फिरवा आणि व्यंजन सांगा, २५० डॉलर देऊन स्वर विकत घ्या, नाहीतर पूर्ण कोडं सोडवा.

व्यंजन बरोबर असेल तर पैसे मिळतात आणि पाळी तुमच्याकडेच राहते, चूक असेल किंवा कुणी आधीच सांगितलेलं असेल तर पाळी गेली. शेवटचं वाक्य परत वाचा, आधी सांगितलेलं अक्षर परत सांगणं ही फुकट पाळी घालवणं आहे आणि घाईत ते हमखास होतं, त्यामुळे वापरलेली अक्षरं बघायची सवय लावा. स्वर म्हणजे ए, ई, आय, ओ, यू हे पाच. वाय इथे व्यंजनात धरतात, म्हणजे तो चाक फिरवून सांगायचा, विकत नाही घ्यायचा. स्वर बोर्डावर कितीही वेळा असला तरी किंमत २५० च आणि त्याचे पैसे मिळत नाहीत. बँकरप्टवर चाक थांबलं की त्या फेरीतले सगळे पैसे गेले, लूज अ टर्नवर फक्त पाळी जाते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे नवीन खेळणाऱ्याच्या लक्षातच येत नाही: फेरीचे पैसे फक्त जो कोडं सोडवतो त्यालाच मिळतात. तुम्ही चार हजार जमवले आणि शेजारच्याने दोनशेवर असताना कोडं सोडवलं, तर त्याला दोनशे आणि तुम्हाला भोपळा. आधीच्या फेऱ्यांत जिंकलेले पैसे मात्र सुरक्षित, त्यांना बँकरप्टही हात लावत नाही. या एका नियमावर पुढची सगळी व्यूहरचना उभी आहे.

अक्षरं कुठल्या क्रमाने सांगायची

इथे शब्दसंग्रह किती मोठा आहे याला फार किंमत नाही. इंग्रजी बेताचं असलेला माणूससुद्धा छान जिंकतो जर त्याने अक्षरांचा क्रम पक्का केला आणि शब्दांचे सांगाडे ओळखायला शिकला. हे मी मनापासून सांगतोय, कारण इंग्रजी कच्चं म्हणून हा खेळ सोडणारे बरेच असतात आणि त्यांचं नुकसान होतं.

पहिली पाच व्यंजनं टी, एन, आर, एस, एल. क्रम थोडा इकडेतिकडे चालेल पण मी टी ने सुरुवात करतो. त्यानंतर डी, सी, एच, एम, जी, पी ही दुसरी फळी. जे, क्यू, एक्स, झेड यांच्या वाटेला तेव्हाच जा जेव्हा शब्द दिसलेला असेल. एचबद्दल जरा सांगतो. नेहमीच्या इंग्रजी मजकुरात एच खूप वेळा येतो पण तो बराचसा द, दॅट, ही, धिस असल्या छोट्या शब्दांमुळे. कोड्यात असे छोटे शब्द कमी असतात, त्यामुळे एच आंधळेपणाने पहिल्या दोनतीन अक्षरांत सांगू नका, टी उघडल्यावर त्याच्या शेजारी रिकामी जागा आहे का बघा आणि मग सांगा.

स्वरांत ई सगळ्यात आधी, मग ए नाहीतर ओ, मग आय. यू सहसा विकत घेऊ नये, तोपर्यंत शब्द दिसायला हवा.

सांगाडा वाचणं म्हणजे काय ते बघा. एका अक्षराचा शब्द असेल तर तो ए किंवा आय, तिसरं काही नाही. तीन अक्षरी शब्दात टी पहिलं आलं तर बहुतेक द, एन मधे आलं तर अँड. चार अक्षरी शब्दात पहिलं आणि शेवटचं दोन्ही टी असतील तर दॅट असायची शक्यता भरपूर. लांब शब्दात शेवटून दुसरी जागा एनने उघडली आणि शेवटची रिकामी आहे, तर जी सांगून आयएनजी पूर्ण होतंय का बघा. वरती लटकलेलं स्वल्पविरामासारखं चिन्ह दिसलं, म्हणजे अपॉस्ट्रफी, आणि तिच्यानंतर एकच जागा असेल तर एस किंवा टी, क्वचित डी किंवा एम. दोन जागा असतील तर एलएल, आरई किंवा व्हीई. ही चिन्हं गेम तुम्हाला फुकटात देतो, त्यांच्याकडे आधी बघायचं.

कोड्यासोबत दाखवलेली कॅटेगरीही वाया घालवू नका. थिंग लिहिलं असेल तर एकच वस्तू, म्हणजे शेवटी अनेकवचनाचा एस यायची शक्यता कमी, आणि थिंग्ज असेल तर एस जवळजवळ नक्की. पर्सन आणि पीपल यांचंही तसंच. फ्रेज असेल तर छोटे जोडणारे शब्द जास्त, तिथे टी आणि एच चांगले चालतात.

एक कोडं शेवटपर्यंत सोडवून बघू

कॅटेगरी फ्रेज. चार शब्द, सहा, चार, चार आणि पाच अक्षरांचे. काहीच उघडलेलं नाही.

चाक फिरवलं, ३०० आले, टी सांगितला. चार टी निघाले, म्हणजे १२०० डॉलर. बोर्ड आता असा:

– – टी टी – –
– – टी –
टी – – –
– – – – –

परत फिरवलं, २०० आले, एन सांगितला. दोन निघाले, ४००. एक तिसऱ्या शब्दाच्या शेवटी, एक चौथ्या शब्दाच्या सुरुवातीला. परत फिरवलं, ४५०, आर सांगितला, दोन निघाले, ९००. आता:

– – टी टी – आर
– – टी –
टी – – एन
एन – – – आर

जमा २५००. इथे थांबून नीट बघायचं. पहिल्या शब्दात जोड टी आणि शेवटी आर, म्हणजे मधली जागा ई असणार हे जवळजवळ ठरलेलं, बेटर, लेटर, बटर, मॅटर असलं काहीतरी. चौथा शब्द एनने सुरू आणि आरने संपणारा पाच अक्षरी, नेव्हर. मग ई विकत घ्यायला २५० टाकायचे का? हो, कारण ई पाच ठिकाणी उघडतो:

– ई टी टी ई आर
– – टी ई
टी – – एन
एन ई – ई आर

आता तिसऱ्या शब्दाकडे बघा. टी, दोन रिकाम्या, एन. देन असता तर ई उघडला असता, तो उघडला नाही, म्हणजे देन गेला आणि दॅन राहिला. न उघडलेलं अक्षरसुद्धा माहिती देतं, हे या खेळातलं माझं सगळ्यात आवडतं अंग आहे. आता वाचा: बेटर लेट दॅन नेव्हर. तीन व्यंजनं आणि एक स्वर, एवढ्यात काम झालं.

आता फिरवत राहायचं की सोडवून टाकायचं

कोडं कळलंय, खात्यात २२५० आहेत आणि बोर्डावर अजून बी, एल, एच, व्ही ही चार व्यंजनं बाकी आहेत, चारही एकेकदाच येणारी. मोह होतो की चारही वेळा फिरवून पैसे वाढवू. इथेच फेरी हातची जाते.

हिशोब सोपा आहे. शोच्या चाकावर २४ खण असतात. समजा त्यातले दोन बँकरप्ट आणि एक लूज अ टर्न (तुमच्या आवृत्तीत किती आहेत ते एकदा चाक फिरताना मोजून ठेवा). म्हणजे २४ पैकी तीन खण वाईट. लूज अ टर्नमधे पैसे जात नाहीत खरं, पण बोर्ड एवढा उघडा असताना पाळी गेली तर पुढचा खेळाडू कोडं सोडवणारच, म्हणजे पैसे गेलेच धरा. बाकीच्या २१ खणांची सरासरी ४०० डॉलर धरली, तर एकेकट्या अक्षरासाठी फिरवण्याचा फायदा सरासरी ३५० पडतो, आणि तोटा म्हणजे तुमच्या जमा रकमेचा आठवा भाग. २२५० चा आठवा भाग साधारण २८०. म्हणजे एकदा फिरवणं परवडतं. ते लागलं आणि २६५० झाले तर आठवा भाग ३३०, आता फायदा आणि तोटा जवळपास सारखाच. २८०० च्या पुढे गेलात की प्रत्येक फिरवणं तोट्याचं, गपचूप सोडवा. तेच जर बाकी अक्षर दोनदा येणारं असेल तर फायदा दुप्पट, म्हणजे मर्यादाही दुप्पट, ५६०० पर्यंत फिरवायला हरकत नाही.

दरवेळी एवढं गणित करायचं नाहीये, एकच ध्यानात ठेवा की बाकीची अक्षरं एकेकटी असतील आणि खात्यात अडीच तीन हजार असतील तर सोडवून मोकळं व्हा. एकदा फिरवायचंच ठरलं तर कुठलं अक्षर सांगायचं यालाही महत्त्व आहे. वरच्या कोड्यात मी व्ही सांगीन, कारण नेव्हर तसाही सगळ्यांना दिसलेला आहे, त्याने समोरच्याला नवीन काही कळत नाही. बी सांगितला तर बेटर उघडा पडतो आणि पुढच्या वेळेला चाकाने दगा दिला तर समोरच्याला आयतं मिळतं.

उलट्या बाजूनेही बघा, म्हणजे समोरच्याकडे खूप पैसे जमलेत, तुमच्याकडे शंभरही नाहीत, आणि पाळी तुमच्याकडे आली. कोडं कळलं असेल तर पैसे कमी म्हणून थांबू नका, लगेच सोडवा. तुम्हाला थोडेच मिळतील पण त्याचे सगळे जातील.

काही आवृत्त्यांत चाक किती जोरात फिरवायचं ते पट्टीवर थांबवून ठरवता येतं, एनईएसवाल्यात तसं आहे. त्यावर फार भिस्त ठेवू नका, थोडाफार अंदाज येतो इतकंच. फ्री स्पिन (पाळी गेल्यावर ती परत मिळवायची संधी) मिळाला तर मात्र जपून ठेवा, चुकीचं अक्षर सांगितल्यावर लगेच वापरण्यापेक्षा बोर्ड अर्धा उघडला असताना हातात असणं जास्त मोलाचं.

सोडवताना टायपिंग

सोडवायला घेतलं की अक्षरं स्वतः टाइप करायची असतात आणि स्पेलिंग चुकलं की उत्तर चूक. उत्तर डोक्यात बरोबर असून पाळी जाणं याच्याइतकं चुटपुट लावणारं काही नाही. म्हणून सोडवा म्हणायच्या आधी, वेळ सुरू व्हायच्या आत, उत्तर कागदावर लिहा आणि अक्षरं बोर्डावरच्या जागांशी जुळतात का मोजा. वरच्या कोड्यात दॅनच्या जागी देन लिहिणारे कमी नाहीत, आणि दोन्ही चार अक्षरीच असल्यामुळे जागा मोजूनही पकडलं जाणार नाही, तिथे न उघडलेला ई आठवायला लागतो. कागद जवळ ठेवाच. एका बाजूला वापरलेली अक्षरं, दुसऱ्या बाजूला सांगाडा.

बोनस राउंड

शेवटी सगळ्यात जास्त पैसेवाला बोनस राउंडला जातो. जुन्या नियमांत इथे पाच व्यंजनं आणि एक स्वर आपण निवडायचा आणि १५ सेकंदांत कोडं सोडवायचं. शोमधे जवळजवळ प्रत्येकजण आर, एस, टी, एल, एन आणि ई हेच सांगायला लागला, मग १९८८ मधे शोने ही सहा अक्षरं फुकट द्यायला सुरुवात केली, वरून आणखी तीन व्यंजनं आणि एक स्वर निवडायचा, पण वेळ १० सेकंदांवर आणला. त्यामुळे तुमची आवृत्ती कुठल्या काळातली आहे ते बघा. जुन्या नियमाची असेल तर काही डोकं न लढवता हीच सहा सांगा.

नवीन नियमाची असेल तर जरा विचार करावा लागतो. बरेच लोक सी, डी, एम आणि ए सांगून मोकळे होतात. कोडी तयार करणाऱ्यांनाही हे चांगलं माहीत असतं, त्यामुळे त्या अक्षरांवर विसंबून राहू नका, बोर्ड बघून निवडा. सहा फुकटची अक्षरं उघडल्यावर शेवटून दुसरी जागा एन आहे आणि शेवटची रिकामी? जी घ्या. टीच्या शेजारी रिकामी आहे? एच घ्या. फारसं काहीच उघडलं नाही तर समजायचं की शब्द बी, पी, एफ, के, डब्ल्यू असल्या अक्षरांवर बेतलेला आहे, तिथे एच, जी, पी आणि स्वर ओ हा संच माझ्या मते ठरलेल्या संचापेक्षा बरा. आणि दहा सेकंदांत एकाच अंदाजावर अडून बसू नका, छोटा शब्द पक्का करा आणि त्याच्या आधाराने मोठा शोधा.

खेळायला माणसं असतील तर

कॉम्प्युटरशी खेळून हात बसतो, पण या गेमचा खरा आनंद तीन माणसं एका कीबोर्डभोवती बसली की. काही गोष्टी आधीच ठरवून घ्या. ज्याची पाळी नाही त्याने मोठ्याने उत्तर सांगायचं नाही, सांगितलं तर त्याची पुढची पाळी रद्द, हा नियम नसेल तर दुसऱ्या कोड्यातच भांडण. चाक फिरवायची पहिली पाळी प्रत्येक नवीन खेळात बदलत ठेवा कारण पहिल्याला टी आणि एन सारखी अक्षरं आयती मिळतात. मुलं किंवा इंग्रजी नवीन असलेलं कुणी असेल तर त्याला ई फुकट द्या, आधीच २५० जमवण्यात त्याचा जीव जातो. त्याला कागदावर एक ओळ लिहून द्या: टी, एन, आर, एस, एल, मग ई. तेवढ्यावर तो लढतीत येतो.

जुन्या गेममधे कोड्यांचा साठा ठरलेला असतो, खूप खेळलात की तीच कोडी परत यायला लागतात, आणि ज्याने ते आधी बघितलंय तो दुसऱ्याच अक्षराला सोडवून टाकतो. तेव्हा सेकंड एडिशन शोधा नाहीतर एनईएसचे फॅमिली एडिशन आणि ज्युनियर एडिशन आहेत. लहान मुलांबरोबर खेळायला ज्युनियर सगळ्यात बरा. विंडोजवर हॅस्ब्रो इंटरॲक्टिव्हने १९९८ मधे काढलेला आहे, त्यात व्हॅना व्हाइट स्वतः व्हिडिओत दिसते, पण तो विंडोज ९५ आणि ९८ च्या काळातला असल्यामुळे डॉसबॉक्सच्या वर सांगितलेल्या पद्धतीने चालणार नाही, त्याच्यासाठी विंडोज ९८ टाकलेलं व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा कॉम्प्युटर) लागेल.